एक मिनिट आणि चौसष्ट कोअर

आमचे हे हरतात फार सुरेख. हे माझं मत नाही, पेपरातल्या शोगीच्या सदरात तसं छापून आलेलं आहे. शोगी म्हणजे बुद्धिबळाचाच भाऊ, फक्त मारलेला मोहरा इथे मरत नाही, तो आपला करून पुन्हा पटावर बसवता येतो. शोगी खेळून पोट भरणारी माणसं आमच्या देशात दीडएकशे असतील. त्यांतले एक आमचे हे, कुझुमी. डाव हातचा गेला की यांना ते समोरच्याच्या आधी कळतं. मग हे चडफडत नाहीत. तीन-चार चाली अशा करतात की पाहणाऱ्याला वाटावं, एका चालीनं हुकलं, नाहीतर यांचीच सरशी होती. पटावर असं छान चित्र जमलं की टायची गाठ सारखी करायची, चहाचा एक घोट घ्यायचा आणि मान लववून म्हणायचं, "हरलो."

आमच्यात हरणाऱ्यानं हे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं. राजा मरेपर्यंत ताणत बसणं अडाणीपणाचं समजतात. दोघांचीही अब्रू राहते म्हणे. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, शेकडो पोरांचं जेवण रांधते. तिथे भात करपला तर सुरेख करपला असं कुणी म्हणत नाही.

गेल्या वर्षी हे कौतुक अंगाशी यायची वेळ आली. यांच्या लीगमध्ये तळाला राहिलेल्यांना वर्षाअखेर शिक्का बसतो, आणि तिसरा शिक्का बसला की लीग सुटते. यांना दोन बसलेले होते. मार्चमधला शेवटचा डाव जिंकला तर निभावलं, हरला तर पंचावन्नाव्या वर्षी बाहेर. बाहेर गेलेला माणूस उपाशी मरत नाही. इतर स्पर्धा खेळतो, वर्ग घेतो, म्हाताऱ्यांना शिकवतो. पण शाळेत होते तेव्हापासून यांनी दुसरं काही केलेलं नाही. दर जूनमध्ये लीगचं वेळापत्रक आलं की हे ते स्वतःच्या हातानं फ्रिजवर लावतात, आणि वर्षभर दूध काढताना एकदा त्याच्याकडे बघतात. पुढच्या जूनमध्ये तिथे काहीच नसेल, असं सारखं मनात यायचं.

शेवटच्या डावाला समोर होता तोकिवा, वय एकोणीस. ही हल्लीची मुलं माणसांशी कमी आणि कॉम्प्युटरशी जास्त खेळून तयार झालेली. डावाच्या वेळी यंत्र जवळ ठेवता येत नाही, पण आधी घरी बसून शेकडो सुरुवाती त्याच्याकडून तपासून घेता येतात. ज्याचं यंत्र जास्त खोल बघतं, तो जास्त तयार होऊन येतो. आमच्या घरचं यंत्र इतकं जुनं, की त्याला डाव विचारून मी जुडीभर पालेभाजी निवडून घ्यायचे, तरी ते विचारच करत असायचं.

"तोकिवाकडे चौसष्ट कोअरचा प्रोसेसर आहे," हे एकदा जेवताना म्हणाले.

"तुमच्याकडे?"

"चार."

झालं. तेव्हापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नाही. यांच्यासमोर दोन प्रोसेसर होते, एक सोळा कोअरचा आणि एक चौसष्टचा. सोळावाल्याचा एकेक कोअर चपळ, चौसष्टवाल्याचा एकेक जरा संथ, पण डोकी चौपट. हे मला समजावून सांगायचे आणि मी माझ्या पद्धतीनं समजून घ्यायचे. माझ्या हाताखाली चार तरबेज बायका असल्या तर एक आमटी झटपट होते. सोळा बेताच्या बायका असल्या तर ढीगभर कांदा चिरून होतो, पण एका पातेल्याभोवती सोळाजणी उभ्या राहिल्या तर नुसती कोपरं लागतात.

"म्हणजे शोगी आमटी आहे की कांदा?" मी विचारलं.

यांनी हाशी, जेवायच्या काड्या, खाली ठेवल्या. "दोन्ही," म्हणाले. "सुरुवात कांदा. शेवट आमटी."

"मग सोळावाला घ्या. तुमचं घोडं शेवटालाच अडतं."

"शेवटपर्यंत पोचलो तर ना."

दुसरा वाद विजेचा. आमचं काशिवातलं घर जुनं, वीज बेताची. भात लावून वर मायक्रोवेव्ह चालवला की खटका पडतो आणि अंधार होतो. चौसष्टवाला एकटाच छोट्या हीटरएवढी वीज खातो, शिवाय त्याला थंड ठेवायला पंखे, ते दिवसरात्र घोंघावणार. "हा आला तर भात तरी शिजवायचा, नाहीतर तोकिवाला तरी हरवायचं. दोन्ही एका वेळी नाही," मी सांगून टाकलं. हे हसले नाहीत. यांचे डोळे खोल गेले होते.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं आकिहाबाराच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो, मिनेगिशींच्या दुकानात.

मिनेगिशी हे यांचे जुने सोबती. दोघं एकाच काळात शिकाऊ होते. शिकाऊ खेळाडूला सव्विसाव्या वर्षापर्यंत व्यावसायिक व्हावं लागतं, नाहीतर बाहेरचा रस्ता. तीस वर्षांपूर्वी मिनेगिशींचं ते शेवटचं वर्ष होतं, आणि शेवटच्या डावाला, सेंदागायाच्या शोगी भवनात, समोर आले आमचे हे. जो जिंकेल तो राहणार. हे जिंकले. मिनेगिशींनी मान लववून "हरलो" म्हटलं, उठले, आणि तडक निघून गेले. डाव संपल्यावर दोघांनी बसून कोण कुठे चुकलं ते मांडून बघायचं, ही आमच्याकडची रीत. हरलेलाही बसतो, डोळ्यांत पाणी असलं तरी बसतो. मिनेगिशी बसले नाहीत. पुढे ते कॉम्प्युटरच्या धंद्यात शिरले आणि इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांनी हे दुकान थाटलं. काही वर्षांनी यांची आणि त्यांची पुन्हा ओळख जमली. एकत्र बसून पितात, थट्टा करतात. त्या डावाबद्दल बोलत नाहीत.

"या वहिनी, या," मिनेगिशी म्हणाले. "आज जोडीनं? म्हणजे हा घेणार. एकटा येतो तेव्हा नुसते डबे कुरवाळून जातो."

"घ्यायलाच आलोय," हे म्हणाले.

"ऐकून कान धन्य झाले."

त्यांच्या दुकानाची एक खासियत आहे. प्रत्येक प्रोसेसरच्या डब्याखाली किमतीचं कार्ड असतं आणि किमतीखाली लाल शाईत लिहिलेलं असतं, मात, आणि पुढे सेकंद. शोगीचा एक अवघड डाव त्या प्रोसेसरला घातला तर मात सापडायला किती वेळ लागतो, ते. कंपन्या डब्यांवर हजार आकडे छापतात, पण इंजिनिअर लोकसुद्धा या लाल आकड्यावर विश्वास ठेवतात, कारण मिनेगिशी स्वतः मोजतात आणि खोटं लिहीत नाहीत. सोळावाल्याच्या कार्डावर अकरा होते. चौसष्टवाल्याच्या कार्डावर चार.

"सात सेकंदांसाठी तिप्पट पैसे?" मी म्हटलं.

"एका डावात सात, वहिनी. हा रात्रभर डाव घालत बसणार. हिशेब करा."

"मी वीजबिलाचा करतेय."

हे दोन्ही कार्डांकडे आळीपाळीनं बघत उभे होते. मग म्हणाले, "मिनेगिशी, हा आकडा कुठल्या डावावरचा?"

"आहे एक डाव."

"कुठला?"

"अवघड आहे. तेवढं बास."

"बास कसं? मधला डाव असेल तर जास्त कोअर उपयोगी पडतात. शेवटची लांबलचक मात असेल तर चपळाई लागते. कशावर मोजलंय ते कळल्याशिवाय अकरा काय आणि चार काय."

"इतकी वर्षं येतोयस, कधी विचारलं नाहीस."

"इतकी वर्षं घ्यायचा नव्हता."

मिनेगिशी कार्ड सारखं करत राहिले. ते आधीच सरळ होतं. मला आपली घाई, चारला बाजार गाठायचा होता. "दाखवा की भाऊजी," मी म्हटलं. "चोरीचा माल आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरवरचा कॉम्प्युटरचा पडदा, जो कायम त्यांच्याकडे तोंड करून असतो, तो आमच्याकडे फिरवला आणि सोळावाल्या यंत्रावर डाव चालू केला.

मला शोगी येत नाही असं मी सांगते, पण तीस वर्षं पटाशेजारी चहा ठेवला की थोडं कळतंच. वरच्या बाजूचा राजा सोनं म्हणतात त्या दोन मोहऱ्यांच्या आड नीट बसला होता. खालचा राजा उघडा पडला होता. पडद्याच्या कडेला पट्टी होती. सत्त्याण्णव टक्के वरचा जिंकतो, असं ती सांगत होती. पंखा जरा जोरात फिरायला लागला. आकडा तसाच. आणि मग अकराव्या सेकंदाला पट्टी तळापासून वरपर्यंत उलटली. खालचा जिंकतो, एकोणतीस चालींत मात. पहिली चाल उंट फुकट द्यायचा.

हे चहाची बाटली तोंडाशी नेत होते, ती तशीच राहिली.

"हा सेंदागायाचा डाव," हे म्हणाले.

"हो."

"आपला."

"हो."

वरचा राजा यांचा होता. खालचा मिनेगिशींचा.

"म्हणजे तू 'हरलो' म्हणालास तेव्हा..."

"जिंकलेलो होतो," मिनेगिशी म्हणाले, आणि अगदी मालाची माहिती सांगावी तशा आवाजात पुढे सांगायला लागले. "त्या दिवशी गाडीत बसलो, डोळ्यांसमोर पट होताच. उएनोला फलाटावर उतरलो आणि दिसलं. उंट द्यायचा. म्हणजे मला उएनोपर्यंतचा वेळ लागला, अर्धा तास. घड्याळात माझं राहिलं होतं एक मिनिट. मग मी मनाशी ठरवलं, एका मिनिटात हे कुणाच्याही बापाला दिसलं नसतं. या धंद्यात आल्यावर पहिलं चांगलं मशीन हाताला लागलं, त्याला हाच डाव घातला. अख्खी रात्र लागली त्याला. माझा जीव भांड्यात पडला."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग दर वर्षी नवा प्रोसेसर आला की विचारायचो. काही तास. एक तास. पाच मिनिटं. तोवर बरं चाललं होतं. मग एक आला त्यानं अठ्ठावन्न सेकंदांत काढलं. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं." त्यांनी पडदा पुसला. "राग नाही रे, कुझुमी. पण पेपरात तुझं नाव आलं की वाटायचं, तिथे मी बसलेला असतो. ते काही जात नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती पलीकडे केबली बघत होती. मग यांचा हात वर गेला. यांनी टायची गाठ सारखी केली. बाटलीतल्या चहाचा एक घोट घेतला. माझ्या मनात आलं, आता इथे कुणापुढे हरणार आहेत हे?

"मला दिसलं होतं," हे म्हणाले.

"काय?"

"उंट. तुझं शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हाच. मी मान खाली घालून बसलो, माझ्या तोंडावर तुला वाचता येऊ नये म्हणून. तू 'हरलो' म्हणालास, मी पण वाकलो. तुझ्यामागे यायला हवं होतं. आलो नाही."

मिनेगिशी बघतच राहिले. "समोरून? उलट्या बाजूनं?"

"उलट्या बाजूनं."

"एका मिनिटात."

"त्याच्या आत."

मला वाटलं आता हे दोघं भांडतात. तसं झालं नाही. मिनेगिशींच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. ते स्टुलावर बसले आणि हसायला लागले, आधी नुसतं नाकातून, मग चांगलं पोट धरून. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी.

"म्हणजे बरोबर माणूस राहिला," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी उगाच या डब्यांना विचारत बसलो. बरोबर माणूस राहिला."

मग त्यांनी यांच्यासमोरचे दोन्ही डबे उचलले आणि मागच्या फळीवर ठेवले.

"अरे, काय करतोस?"

"तुला नाही विकत. हे तोकिवासारख्या पोरांना लागतं. जो माणूस हे उलट्या बाजूनं मिनिटाच्या आत बघतो, त्याला डबा विकला तर मला पाप लागेल. घरी जा, पट मांड, स्वतः बघ. तू त्या पोराला खाशील."

हे फळीवरच्या डब्यांकडे एकदा बघून जिन्याकडे वळले.

परतीच्या गाडीत आम्हाला जागा मिळाली. उएनो गेलं. मी विचारलं, "अहो, खरंच दिसलं होतं?"

हे खिडकीबाहेर बघत होते. "नाही."

"मला वाटलंच."

"आज दिसलं. पडद्यावर. तेव्हा मला वाटलं होतं, मी आरामात जिंकलोय."

"मग सांगितलंत कशाला?"

"त्याचा डाव फार वाईट दिसत होता," हे म्हणाले. "जरा सारखा करून दिला."

"आणि तुमचं यंत्र?"

"आता कुठल्या तोंडानं मागू?"

"दुसऱ्या दुकानातून घ्या."

"शोगीवाल्यानं प्रोसेसर घेतला की आकिहाबारात चार दिवसांत सगळ्यांना कळतं. त्याच्या कानावर गेलं तर तो विचारेल, कशाला लागला."

मी भयंकर चिडले. स्वतःच्या घराला आग लागलेली आणि हे शेजाऱ्याच्या अंगणात पाणी शिंपडून आले होते. ते मी यांना बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "खरं आहे." यांच्याशी भांडण्यात काही अर्थच नसतो, भांडणातसुद्धा लगेच हरतात.

मार्चपर्यंत हे रोज पट मांडून बसले. जुनं यंत्रही चालू असायचं, पण त्याच्याकडे बघायचे कमी. यांची मेहनत मी पाहिली आहे, त्यात खोट काढणार नाही.

डावाच्या दिवशी दुपारी शाळेतली भांडी आवरत होते तर मिनेगिशींचा फोन. "वहिनी, इकडे या. एकत्र बघू. चौसष्टवाल्यावर लावलाय."

गेले. घरी एकटीनं बघवणार नव्हतंच. त्यांनी तो प्रोसेसर विकला नव्हता, काउंटरमागे जोडून ठेवला होता. एका पडद्यावर थेट प्रक्षेपण, वरून दिसणारा पट आणि दोघांचे हात. दुसऱ्यावर यंत्राचा आकडा. आकडा यांच्या बाजूनं आठ टक्के होता.

"वाईट आहे?" मी विचारलं.

"वाईट आहे. पण वेळ भरपूर आहे त्याच्याकडे."

यांनी एक चाल केली. मला ती ओळखीची वाटली. विशेष काही न करणारी, पण दिसायला डौलदार. पुढची तशीच. चित्र जमवायला सुरुवात झाली होती. मी हातातला रुमाल घट्ट धरला.

मग तोकिवानं घोडा आणून बसवला, आणि पंखे जोरात फिरायला लागले. आकडा आठावरून एकदम एक्क्याण्णववर गेला.

"चुकला," मिनेगिशी म्हणाले. "पोरगं चुकलं."

"कसं?"

"बघा ना." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "कुझुमीनं राजा उचलून पुढे पळवायचा. उघड्यावर, शत्रूच्या मोहऱ्यांमधून. भयानक दिसतं, लंगोट सुटलेला माणूस बाजारातून पळावा तसं. पण कुणी पकडू शकत नाही त्याला. ही एकच चाल आहे. केली की जिंकला."

"त्यांना दिसेल?"

"त्याला?" ते जवळजवळ दुखावले. "तेव्हा एका मिनिटात दिसलं, वहिनी. आता दोन तास आहेत घड्याळात. बसू दे त्याला."

पडद्यावर तोकिवाचं डोकं दिसत होतं. तो मान खाली घालून बसला होता, इतकी खाली की केस पटावर येत होते. त्याला कळलं होतं. आमच्या ह्यांनी त्या दिवशी रचून सांगितलेलं सगळं त्या पोरात खरं होऊन बसलं होतं. मी मूग गिळून गप्प राहिले. दुसरं काय करणार?

यांचा हात पटावर आला नाही. वर गेला, गळ्याशी.

"नको," मी म्हटलं. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

"काय झालं?" मिनेगिशींनी विचारलं.

यांनी टायची गाठ सारखी केली. चहाचा पेला उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन मान लववली. आवाज बारीक होता, पण "हरलो" ऐकू आलं. तोकिवा तसाच क्षणभर थांबला आणि मग त्यानं कपाळ पार खाली टेकवलं.

घड्याळात दोन तास होते. लीग गेली.

मिनेगिशींनी प्रक्षेपण बंद केलं. यंत्राचा आकडा अजून एक्क्याण्णव दाखवत होता, तोही त्यांनी घालवला. पंखे थोडा वेळ घोंघावत राहिले. त्यांच्या तोंडावर मी काय बघत होते ते मला सांगता येणार नाही. गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानंच उद्या ये म्हणून सांगितलं.

"वहिनी," ते म्हणाले. "तेव्हाही नव्हतं ना दिसलं त्याला?"

खोटं बोलायची माझी इच्छा होती. पण आमच्या घरात तेवढं एक खोटं पुरे झालं होतं.

"नव्हतं," मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. "माझ्याकडे एक मिनिट होतं. याच्याकडे दोन तास."

"हो."

"मी मशीन द्यायला हवं होतं."

"मशीन काय करणार होतं? हात त्यांचाच."

"मूर्ख आहे लेकाचा," ते म्हणाले. "आम्ही दोघंही मूर्ख." मग उठले, कोट चढवला, दुकानाचं शटर ओढलं. "चला, तुमच्याकडे येतो. त्याच्याआधी पोचायला हवं."

हे आले तेव्हा मी नुकताच भात लावला होता. तोकिवाशी चर्चा लांबली नव्हती म्हणे. लीग सुटलेल्या माणसाला फारसं कुणी काही विचारत नाही, आणि ते पोर बोललं नव्हतं. यांनी दारातले जोडे पाहिले आणि आत आले. बैठकीच्या खोलीत मिनेगिशी पटापुढे बसले होते, समोर आजचा डाव लावलेला, तोकिवाचा घोडा बसला तिथपर्यंत.

"बस," मिनेगिशी म्हणाले.

"मशीन काय म्हणालं?"

"मशीन दुकानात आहे. बंद करून आलोय. बस आणि शोध."

"काय शोधू?"

"आहे. एवढंच सांगतो. मला उएनोपर्यंत वेळ लागला होता, तुला हवा तेवढा घे."

हे बसले. बघत राहिले. कधी सोन्याला हात लावायचे, कधी हत्तीला, आणि पुन्हा मागे घ्यायचे. आत भात शिजून कुकर टक् वाजला. मी दारात उभी होते. फ्रिजवर जुनं वेळापत्रक होतं, ते मी काढलं नव्हतं. यांचा हात गळ्याशी गेला. पण यांनी गाठ सारखी केली नाही. सोडली. टाय काढून बाजूला टाकला, आणि पुन्हा पटावर वाकले.

मग यांनी राजा दोन बोटांत धरला आणि उचलून उघड्यावर ठेवला.

"असा?"

"असा."

हे त्याच्याकडे पाहत राहिले. "फार घाणेरडं दिसतं रे," म्हणाले.

"दिसू दे की."

हे रडले नाहीत. मी रडले. आत जाऊन रडले, राग होता आणि माया होती, दोन्ही एकदम आलं. बाहेर आले तोवर यांनी मोहरे गोळा करून दुसरा डाव लावला होता, तीस वर्षांपूर्वीचा. लावताना एकाही मोहऱ्याला कुणी अडखळलं नाही. मिनेगिशींनी उंट पुढे ठेवला. यांनी घेतला, कारण घ्यावाच लागतो. मग चाली होत राहिल्या. मध्येच सोडून देता आलं असतं, शेवट दोघांना ठाऊक होता. पण हे सोडेनात, आणि मिनेगिशीही सोड म्हणाले नाहीत. यांच्या राजाला जायला एकही घर उरलं नाही तोवर दोघं खेळले. 'हरलो' असं त्या दिवशी आमच्या घरात कुणी म्हटलं नाही.

तोवर भात निवला होता. मी तो मायक्रोवेव्हमध्ये गरम केला. खटका पडला नाही, घरात दुसरं काही चालूच नव्हतं.